डोंगर कॅनडाचा, प्रेम ठरलेलं

हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीच्या प्रेमपटांत निसर्ग मुबलक असतो आणि उत्कंठा नावालाही नसते. शुभेच्छापत्रे विकणाऱ्या कंपनीची ही वाहिनी २००१ पासून याच नावाने चालते. शहरातली कामात बुडालेली नायिका डोंगरातल्या गावी येते, चौकड्यांचा शर्ट घातलेला वाटाड्या भेटतो, शेवटाच्या तोंडावर गैरसमज होतो आणि लगेच मिटतो. कथेतला अमेरिकी डोंगर अनेकदा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा असतो. प्रेक्षकांत दोन तट आहेत. पहिल्याची तक्रार अशी, की शेवट सुरुवातीलाच कळतो. ही तक्रार चित्रपट शेवटपर्यंत पाहूनच केली जाते. दुसरा तट शेवट आधी कळतो म्हणूनच पाहायला बसतो. दिवसभर चिखल तुडवूनही नायिकेचे बूट कोरे करकरीत राहतात, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.