हिसकामामा

नांदुरा रोडवरच्या चहाच्या टपरीवर आमचे मामा एकदम बाकावर बसत नाहीत. आधी बाकाला हिसका देतात. बाक हललं, तर चहा उभ्यानं. कपाचा कानही चिमटीत धरून एकदा ओढून बघायचे. त्यात चार कान गेले, तेव्हापासून टपरीवाला त्यांना काचेच्या ग्लासात चहा देतो. ग्लासाला ओढण्यासारखं काहीच नसल्यामुळे मामा जरा उदास दिसतात.

मामा ट्रेलरवर ड्रायव्हर. मी त्याच ट्रान्सपोर्टात मुनीम. बिल्टी लिहायची, आणि बिल्टी तयार असूनही गाडी का निघत नाही याचं उत्तर मालकाला फोनवर द्यायचं, ही माझी दोन कामं. पहिल्याला पाच मिनिटं लागतात.

जुना 6 नंबरचा, हल्लीचा 53 नंबरचा हायवे दाराशी असल्यामुळे आमच्या खामगावात 'घोडा' म्हटलं की चार पायांचं जनावर कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. घोडा म्हणजे ट्रेलरचं पुढचं, इंजिन-केबिनचं धूड. मागची लांबलचक ती ट्रॉली. ट्रॉलीच्या पोटाखाली किंगपिन नावाचा दोन इंच जाडीचा खिळा लोंबतो. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेला भलामोठा तवा असतो आणि त्या तव्यात जबडा. घोडा रिव्हर्समध्ये ट्रॉलीखाली शिरला की खिळा जबड्यात जातो, जबडा मिटतो. या तव्याला म्हणतात फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक. नाव बग्गीच्या जमान्यातलं. पुढची चाकं वळावीत म्हणून बग्गीच्या आसावर आडवं चाक बसवत. खरे घोडे गेले, चाक राहिलं. आता घोडा, ट्रॉली आणि माल मिळून 55 टनांपर्यंतचा संसार या दोन इंचांवर चालतो. मामांची झोप त्याच दोन इंचांनी उडवलेली आहे.

जोडणीची वेळ आली की मामा आधी क्लीनरला यार्डाबाहेर काढतात. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण लोक तोंडानं म्हणतात. मामा तिची अंमलबजावणी करतात. मग ट्रॉलीचे ब्रेक लागलेत का, चाकांना ठोकळे आहेत का, जमीन भुसभुशीत तर नाही, हे बघून ते घोडा मागे घेतात आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबतात. उतरतात. गुडघ्यावर बसून उंची बघतात. ट्रॉली तव्यापेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे तवा तिला उचलून घेतो. ती उंच राहिली तर खिळा जबड्यावरून सटकतो आणि ट्रॉली थेट केबिनच्या पाठीत बसते.

उंची जमली की घोडा पुन्हा मागे. 'कट्ट' असा आवाज येतो. क्लीनर लांबून ओरडतो, "लागली, उस्ताद!"

"कोन सांगतलं?"

"आवाज आला नं!"

"आवाज तं निवडनुकीतबी येते, लेका. हिसका दे म्हना तिले!"

मग ट्रॉलीचे ब्रेक तसेच ठेवून मामा पहिल्या गिअरात घोडा हळूच पुढे ओढतात. ट्रॉली जागची हलत नाही. दुसरा कुणी इथं बिडी पेटवेल. मामा टॉर्च पेटवतात. ट्रॉलीखाली वाकून तवा आणि ट्रॉली यांच्यात फट दिसते का, जबडा खिळ्याच्या मागून पुरता मिटलाय का, लॉकचा दांडा आत गेलाय का, हे डॉक्टरनं घसा बघावा तसं बघतात. त्यानंतर हवेचे पाइप आणि लाइटची वायर. लाल पाइप सुटला तर ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात, यावर मामांचं भाष्य ठरलेलं आहे : "सुटली तं जाग्यावर थांबावं, एवढी अक्कल तिले देल्ली हाय. मानसाले नाही देल्ली."

ट्रॉलीचे पुढचे पाय हँडल फिरवून वर घ्यायचे ते सगळ्यात शेवटी. एका उतावळ्या ड्रायव्हरनं ते आधीच उचलले आणि हिसका न देताच गाडी काढली. भरली ट्रॉली घोड्यावरून घसरली आणि तिनं शेगावच्या दिशेला साष्टांग दंडवत घातलं. मामा तिथं प्रेक्षक होते. तेव्हापासून हा हिसका यार्डात मावेनासा झाला.

कापूस वाहण्यासाठी 1870 साली टाकलेला आमचा जलंब-खामगाव रेल्वेफाटा जेमतेम 13 किलोमीटरांचा. तेवढ्यासाठीही मामा दोन डब्यांमधली जोडणी वाकून बघितल्याशिवाय चढत नाहीत. आमची चांदी प्रसिद्ध. लेकीसाठी पैंजण घ्यायला गेले, तर फासा ओढून ओढून दोन जोड तोडले. सराफ हात जोडून म्हणाला, "मामा, पोरीच्या पायात घालाचे हायेत. ट्रॉली नाही बांधाची!" लेकीच्या लग्नात शालू-उपरण्याच्या गाठीला हिसका बसला, तेव्हा नवरदेव दोन पावलं मागे आला. गाठ मात्र पक्की निघाली.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, एवढा संशय बरा नाही."

"मुनीमजी, सकाळी घराले कुलूप लावून निंगता, तवा ओढून पाह्यता का नाही?"

"पाहतो."

"काहून? खटका तं वाजला असन."

मी गप्प.

"घरात काय हाय तुमच्या? चार भगुने न् एक टीवी. माह्या मांगं अख्खा रस्ता हाय."

त्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. पण मागच्या हंगामात देवानं माझी बाजू घेतली. यार्डात दोन ट्रॉल्या शेजारी उभ्या होत्या, दोन्ही ताडपत्रीत गुंडाळलेल्या. एकीत कापसाच्या गाठी, मुंबईला जायच्या. दुसरीत सरकीची ढेप, नागपूरची. मामांनी पाऊण तास खपून जोडणी केली. हिसका, टॉर्च, पाइप, लाइट, पाय. मी गेटवर बिल्टी घेऊन गेलो आणि ट्रॉलीचा नंबर ताडून बघितला. मामा ढेप घेऊन मुंबईला निघाले होते.

मामा खाली उतरले. नंबर वाचला. बिल्टी वाचली. पुन्हा नंबर वाचला.

"मुनीमजी," ते शांतपणे म्हणाले, "पन जोडनी पाह्यली काय कशी झाली?"

सोडून पुन्हा जोडायला दीड तास गेला. मालकाचे फोन मी मोजले नाहीत.

दुसऱ्या खेपेला मामा यार्डात जाण्याआधी ऑफिसात आले. चष्मा लावून बिल्टीवरचा नंबर तळहातावर लिहून घेतला. मी समाधानानं हसलो. तेवढ्यात त्यांनी बिल्टीची दोन टोकं दोन्ही हातांत धरली.

मला दुसरी बिल्टी लिहावी लागली.