सोसायटीचा खतप्रकल्प शास्त्रोक्त पद्धतीने कसा बंद पाडावा

सहकारी गृहनिर्माण संस्थेत खतप्रकल्प सुरू करणे मुळीच अवघड नाही. विटांचा हौद, नारळ, फीत, कात्री आणि एखादे आजी किंवा माजी नगरसेवक एवढ्या साहित्यात तो अर्ध्या तासात सुरू होतो. कसब लागते ते तो बंद पाडायला. तेही असे, की दोष कोणावर येऊ नये, इतिवृत्तात ‘सभासदांच्या प्रतिसादाअभावी’ एवढीच ओळ राहावी आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हौदात मुलांच्या जुन्या सायकली ठेवायची सोय व्हावी. पुण्या-ठाण्यात या विद्येचे जाणकार गल्लोगल्ली सापडतात, पण शास्त्र अजून तोंडीच चालत आले आहे. नव्याने निवडून आलेल्या, म्हणजे बहुधा सभेला गैरहजर राहिल्यामुळे निवडल्या गेलेल्या सचिवांसाठी ते येथे लिहून काढले आहे.

प्रारंभ धाकाने किंवा सवलतीने करावा. धाक केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत तयारच मिळाला होता: कचरा घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. सवलतीची वाट महापालिका दाखवते. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण असे काही केले, की मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट मिळत आली आहे. सभेत या दोनच गोष्टी बोलाव्यात. म्हणजे प्रकल्प खतासाठी नसून तपासणीसाठी आहे हे सर्वांना न सांगता कळते, आणि तपासनीस येऊन गेले की उत्साहही त्यांच्या पाठोपाठ गेटबाहेर पडतो.

गेटबाहेर गेलेला कचरा पुढे कुठे जातो, हा विषय मात्र निघू देऊ नये. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला, तिथल्या विहिरींचे पाणी नासले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहरात जागोजाग ढीग साचले. मुंबईच्या देवनारला तर १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. अशा गोष्टी कानावर आल्या की काही सभासदांच्या मनाला लागतात. मनाला लागलेला सभासद हा प्रकल्पाच्या अपयशातला मोठा अडथळा असतो.

त्यापेक्षा प्रबोधन करावे. रविवारी सकाळी अकराची वेळ, क्लबहाऊस, प्रोजेक्टर आणि बाहेरून आणलेले व्याख्याते. विषय जितका जागतिक तितका बरा. हिमनद्या, ओझोनचा थर, समुद्रातली कासवे हे सर्व घ्यावे. उसळीचे शिळे पाणी कुठल्या डब्यात ओतायचे, एवढे तेवढे राहू द्यावे. व्याख्यानाला पंधरा-वीस माणसे येतील आणि ती नेमकी आधीपासून कचरा वेगळा करणारीच असतील. त्यांना पुन्हा समजावून सांगितल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

येथे एक बारकावा आहे. बहुतेक फ्लॅटमध्ये कचरा डब्यात टाकण्याचे काम मालक करीत नाहीत. ते घरकामाला येणाऱ्या ताई करतात. भाजी त्या निवडतात, ओटा त्या आवरतात, पिशवीला गाठही त्याच मारतात. म्हणून त्यांना व्याख्यानाला बोलावू नये. त्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नसतातच, त्यामुळे अर्धे काम आधीच झालेले असते. उरलेले काम लिफ्टमध्ये इंग्रजीत, बारीक टायपात चिकटवलेल्या सूचनेने होते.

डबे वाटावेत, हिरवे आणि निळे. फुकट मिळालेला डबा कचऱ्यात घालायला मराठी मन धजत नाही. महिन्याभरात हिरवा बाथरूममध्ये पोचतो, निळ्यात तांदूळ जातो, आणि ओला-सुका पूर्वीच्याच एका काळ्या पिशवीत गुण्यागोविंदाने नांदू लागतात.

आता मुख्य भाग, हौद. इथे निसर्ग प्रकल्पाच्या बाजूचा असल्यामुळे जास्त मेहनत घ्यावी लागते. ओला कचरा कुजवणारे जिवाणू फुकट राबतात आणि सुट्टीही घेत नाहीत; त्यांना हवा, बेताचा ओलावा आणि नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब एवढेच लागते. नत्र भाजीपाल्यात, शिळ्या अन्नात असते. कर्ब वाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशात, खोक्यांच्या पुठ्ठ्यात. एक थर ओल्याचा, त्यावर जाडसर थर पानांचा, आणि आठवड्यातून एक-दोनदा फावड्याने खालीवर, इतके केले तरी ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, रोगजंतू आणि टोमॅटोच्या बिया मरतात आणि दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचे खत हाती येते. कचऱ्याचे वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. हे सारे टाळायचे असेल तर मुळावरच घाव घालावा: पाने मिळू देऊ नयेत.

सुदैवाने त्याची सोय बहुतेक सोसायट्यांनी करून ठेवलेली असते. माळी पहाटे आवार झाडतो. बदाम, गुलमोहर, बकुळीची पाने पोत्यांत दाबून भरतो आणि पोती कचऱ्याच्या गाडीवर चढवतो. त्याच दिवशी दुपारी गेटवर टेम्पो येतो आणि त्यातून कोकोपीटच्या विटा उतरतात. त्या थेट तमिळनाडूतून, पोल्लाचीकडून आलेल्या असू शकतात. सकाळी कर्ब फुकट बाहेर गेला, दुपारी विकत आत आला. दोन्हीच्या नोंदी रखवालदाराच्या एकाच वहीत, एकाच पानावर. पुढे कोकोपीटचे बिल खजिनदारांच्या डोळ्यांवर येते, ते विटा बंद करतात आणि हौदात नुसते ओले पडू लागते. इथून पुढे सचिवांनी स्वस्थ बसावे. वास आपला आपण येतो.

वास कशाचा, हे कोणी तपासू नये याची काळजी घ्यावी. तपासणी फारच सोपी आहे. हौदातला मूठभर माल घेऊन घट्ट दाबायचा: लाडू वळला गेला आणि बोटांतून पाणी गळले नाही तर ओलावा बरोबर, पाणी गळले तर हवा कोंडली आहे, पाने घाला, लाडू फुटला तर थोडे पाणी शिंपडा. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, साबण लागतो. पण ती करण्याऐवजी तळमजल्यावरच्या काकांची तक्रार ग्रुपवर येऊ द्यावी. काका हौदाचा फोटो टाकतील. फोटोत अळ्या दिसतील. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. शिळे अन्न झपाट्याने फस्त करतात, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर बसून रोग पसरवत नाही. हे कोणाला माहीत असले तरी त्याने गप्प बसावे. ‘डेंग्यू’ हा शब्द ग्रुपवर पडायला फार वेळ लागत नाही, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, म्हणजे काकांच्याच बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत वाढतो, असे सांगणारा सभासद त्या वेळी ऑनलाइन नसतो.

हौदाची बदनामी पुरेशी झाली की यंत्र सुचवावे. चोवीस तासांत खत देणारे यंत्र म्हणून जे दाखवले जाते, ते पुष्कळदा कचरा दळून, तापवून, वाळवते. बाहेर तपकिरी पूड येते आणि ती खतासारखी दिसते. कुजण्याची क्रिया मात्र झालेली नसते. पुडीला पाणी लागले की ती नव्याने नासायला लागते. ज्या यंत्रांत कचरा भरडून भुसा आणि विरजण मिसळतात, त्यांतूनही बाहेर येणारा माल पुढे काही दिवस रॅकवर मुरवावा लागतो. विक्रेत्याला ‘मुरायला किती दिवस?’ हे विचारायचे नाही. विजेचे बिल पहिल्या तीन महिन्यांत सभेपुढे आणायचे नाही. चौथ्या महिन्यात आणायचे.

सुक्या कचऱ्याला एवढा खटाटोप लागत नाही. तिथे आशावाद पुरतो. डब्याच्या बुडाशी त्रिकोण दिसला की वस्तू पुनर्वापरात जाणार, अशी सभासदांची श्रद्धा असते. त्या त्रिकोणातला १ ते ७ आकडा प्लास्टिकची जात सांगतो. ते कोणी विकत घेईल की नाही, हे भंगारवाला सांगतो. पाण्याची बाटली तो घेतो. वेफर्सचे चकचकीत पाकीट घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. चहाचा कागदी कप आतून प्लास्टिकचा असतो. ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी मोठ्या प्रकल्पाच्या उष्णतेत विरघळत असेल. सोसायटीच्या हौदातून ती जशीच्या तशी बाहेर येते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकावा, म्हणजे तो इवलासा तुकडा ओल्यात जातो आणि पुढे खतात चमकतो. कात्री थोडी अलीकडे थांबवली तर तुकडा पिशवीलाच लटकून राहतो आणि पिशवीसकट रद्दीत जातो, म्हणून थांबवू नये. आणि डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही पुण्यातल्या कचरावेचकांची साधी विनंती. ती पाळली तर उघड्या हाताने पिशवी चाचपणाऱ्या बाईला आत काय आहे ते आधी कळते. प्रकल्प बंद पाडू इच्छिणाऱ्याने ठिपका विसरावा.

आणि त्या बाईला तर काहीच विचारू नये. सर्व शास्त्राचे सार यातच आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला घेतला. या बायकांना प्लास्टिकची जात चुरगाळल्याच्या आवाजावरून कळते. कोणत्या मजल्यावरून काय येते, कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी पातळ भाजी सारखी उरते, हेही. सचिवांनी मात्र त्यांच्याशी बोलायचे ते फक्त तक्रार करायला.

“मावशी, हौदाचा वास येतोय. लोक ओरडतायत.”

“येणारच साहेब. चौथ्या मजल्यावरनं रोज आमटी येतीय पिशवीत बांधून. मी म्हटलं त्यांना, गाळून द्या. त्या म्हणल्या, सोसायटीनं सांगितलं नाही.”

“बरं, बघतो.”

‘बघतो’ म्हणून झाल्यावर बघू नये. इतिवृत्तात ‘सफाई कर्मचाऱ्यांना समज देण्यात आली’ असे नोंदवावे. हौद ढवळण्याचे वेगळे पैसे देऊ नयेत. झाडू, जिने, पार्किंग आणि खत हे सर्व एकाच पगारात बसवावे. हातमोजे उद्घाटनाच्या फोटोपुरते आणावेत.

काही धोक्यांचा इशारा द्यायला हवा. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करायला घेतले आणि जिथे कचरा फेकला जायचा ती जागा इतकी बदलली, की लोक ती मुद्दाम पाहायला जाऊ लागले. असे उदाहरण सभेत निघाल्यास ‘ते छोटे गाव आहे, आपल्याकडे जमणार नाही’ असे ताबडतोब म्हणावे. त्यापेक्षा मोठा धोका सोसायटीतच असतो: एखाद्या निवृत्त बाई सकाळी साडेसातला मावशींच्या शेजारी उभ्या राहू लागतात. कोणालाही न ओरडता त्या मिसळलेला डबा परत दारात ठेवतात आणि बेल वाजवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताईंना ओट्यापाशीच चाळणी दाखवतात, माळ्याची पोती हौदाशेजारी वळवतात. हे महिनाभर चालले तर वास जातो, तक्रारी आटतात, आणि पावसाळ्याआधी खत तयार होऊन ते घ्यायला रांग लागते. तिथे या मार्गदर्शनाचा उपयोग संपतो.

ज्यांना प्रकल्प बंद पाडायचाच नाही, त्यांनी उद्या दोन कामे करावीत. माळ्याला पानांची पोती गेटबाहेर नेऊ नकोस म्हणून सांगावे, आणि मावशींना कोणत्या मजल्यावरून काय येते ते विचारून ऐकून घ्यावे. दोन्हींपैकी कशालाही सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत नाही.