स्पेस धरून

रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजवून जो माणूस हक्काने रद्दी मागतो आणि पैसे देत नाही, त्याला तुम्ही ओळखता. आमच्या सोसायटीत त्यांना प्रोफाइलराव म्हणतात. रद्दी मुलीच्या संस्थेसाठी. मुलगी 'फाउंडर अँड प्रेसिडेंट'. सदस्य एकच, गोणी उचलणारा बाप. आमच्या जुन्या रद्दीवाल्याने केव्हाच तराजू गुंडाळून दुसरी गल्ली धरली.

मुलीचं अमेरिकेला जायचं ठरलेलं, म्हणजे यांनी ठरवलेलं. तिथल्या शेकडो कॉलेजांसाठी 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एकच अर्ज चालतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांचे दहा रकाने, आणि एकेका उद्योगाच्या वर्णनाला १५० अक्षरं.

"स्पेस धरून!" प्रोफाइलराव बोट वर करून सांगतात.

त्या दिवसापासून या गृहस्थांना सगळं जग दीडशेत दिसायला लागलं. लिफ्टमध्ये कुणी लांबण लावली की हे ओठांतल्या ओठांत मोजतात आणि वाक्याच्या मध्येच म्हणतात, "संपली तुमची." तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा शोकसभेत माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "माणूस मोठा, पण दीडशेत बसवणं अवघड." जरा वेळाने पुन्हा, "बसतात. 'कैलासवासी' काढलं तर. स्पेस धरून."

मुलगी पूर्वी गणपतीत दूर्वा निवडायची. ती झाली 'कम्युनिटी इव्हेंट को-ऑर्डिनेटर'. आजीला व्हॉट्सअ‍ॅप शिकवलं, ते 'सीनियर सिटिझन्स डिजिटल लिटरसी'. आजी एकच. पण अनेकवचनाला एकच अक्षर जादा लागतं, तेवढं परवडतं म्हणाले.

आपणही धुतल्या तांदळाचे नव्हतो म्हणा. सर्टिफिकेट पुढेमागे कामाला येईल म्हणून चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली पिढी आपली. स्मरणचित्रात बसस्टॉपवरची झाडून सगळी माणसं मी पाठमोरी काढली, कारण तोंडं जमत नसत. पण त्यावरून मला कुणी 'व्हिजनरी' म्हटलं नाही. मास्तरांनी फक्त विचारलं, "सगळे रुसलेत का रे?"

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर २०१८ मध्ये बोस्टनच्या कोर्टात खटला चालला. तिथे अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे अंक देतात, एक म्हणजे सर्वांत उत्तम, हे त्यात चव्हाट्यावर आलं. हे कळल्यावर प्रोफाइलरावांनी अख्ख्या सोसायटीला अंक देऊन टाकले. सेक्रेटरींना तीन वजा. मला चार. "लिहिता तुम्ही, पण राष्ट्रीय पातळीवर काही नाही ना!"

चार! मग मीही सूड म्हणून त्यांना २०१९ चं प्रकरण ऐकवलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने धनिकांची पोरं जन्मात न खेळलेल्या खेळांतले खेळाडू म्हणून कॉलेजांत घुसवली. प्रशिक्षकांना लाच, दुसऱ्यांच्या धडांवर चिकटवलेले चेहरे, आणि शेवटी स्वतःला साडेतीन वर्षांची कैद. म्हटलं, तुमचं काय वेगळं? वाटलं, हसतील. पण ते खरोखर दुखावले. "आमचा ढोल खरा आहे," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. अक्षरं मोजलीच नाहीत.

ढोल मात्र खरा होता. रकान्यासाठीच बापाने तिला पथकात घातलं, पण पोरीला त्याचा नादच लागला. जुलैत एका रात्री नदीपात्रातून येताना मी पाहिलं, धो धो पाऊस, पत्र्याच्या शेडखाली पथकाचा सराव, आणि बाहेर स्कूटरला टेकून रेनकोटातले प्रोफाइलराव. डिकीत तिच्या चपला. हातात चिकटपट्टीचं रीळ, बोटं सोलवटली की गुंडाळायला. गेले तीन तास उभे होते.

"घरी जाऊन यायचं की मधे."

"तिचा ढोल ऐकतोय."

"एवढ्या दणदणाटात तिचा कुठला ते कळतं?"

"दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा," ते म्हणाले. त्यांची पाठ शेडकडे होती.

हे कुठल्या रकान्यात बसतं, ते मी विचारलं नाही. माणूस वैताग आहे, हे माझं मत अजून कायम आहे. पण त्या रात्री मी माझी छत्री त्यांच्याकडे ठेवून आलो. ती त्यांनी अजून परत केलेली नाही.

प्रवेश मिळाला. ढोलामुळे, रद्दीमुळे की गणितातल्या मार्कांमुळे, हे कॉलेज सांगत नसतं. ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर असताना, ती गेली.

परवा रविवारी सात वाजता बेल वाजली. दारात गोणी घेऊन प्रोफाइलराव.

"अहो, आता कशाला?"

"असंच. जाग येते."

आत घेतलं, चहा टाकला. रद्दीतला एक जुना पेपर उलटासुलटा करत बसले. मग मोबाईल माझ्यापुढे सरकवला. आठवड्याभरात लेकीचा आलेला एकुलता एक मेसेज: 'जेवले. बिझी आहे. उद्या बोलू.'

"अठरा," ते म्हणाले. चहाचा घोट घेतला. "स्पेस धरून."