ते व्हर्जन टू मध्ये

बाभुळगावात त्याला 'साफ्टवेअर' म्हणतात. नाव आहे, आडनाव आहे, बापाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागायची सोयही आहे, पण पानठेल्यावर चौकशी होते ती "साफ्टवेअर आला का बे पुण्याहून?" अशीच. असा एकेक नमुना आता कळंबला, नेरला, धामणगावलाही असतो. इंजिनिअरिंग यवतमाळला, नोकरी हिंजवडीला, आणि २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉपसकट घरवापसी. पुढे कंपन्यांनी माणसं परत बोलावली तेव्हा हाही गेला. तरी पोळ्याला, दिवाळीला आणि मॅनेजर रजेवर असला की ट्रॅव्हल्सनं रात्रभर आदळत येतो आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून काम करतो, कारण घरात नेटवर्क तेवढ्याच जागी येतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, बर्फाच्या डोंगरावरच्या एका रिसॉर्टमध्ये १७ जण जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला. प्रक्रियेपेक्षा माणसं आणि त्यांच्यातलं बोलणं महत्त्वाचं, असं त्यात पहिलंच कलम आहे. साफ्टवेअरला तो जाहीरनामा तोंडपाठ आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पुण्याईनं तो रात्री पावणेअकराला, क्लायंटच्या सकाळी, डास मारत मारत 'नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड' म्हणतो. या मीटिंगला 'स्टँडअप' म्हणतात. पुण्यात ती बसून होते. बाभुळगावात गच्चीवर खुर्ची नसल्यामुळे तिला खरा अर्थ येतो.

तो नेमकं करतो काय, हे आईला सांगण्याचे प्रयत्न त्यानं सोडून दिले आहेत. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी आपसात वापरायची एक प्रणाली आहे, तिच्यात दाव्याचा अर्ज आहे, त्या अर्जात राज्य निवडायचा रकाना आहे आणि तो रकाना याच्याकडे आहे. आईनं याचा सारांश करून ठेवलाय: "अमेरिकेचा इन्शुरन्स पाह्यते तो." ही बातमी आळीत पसरल्यापासून दर हंगामात एक-दोघं तरी घरी येऊन विचारतात, "मंग आमचा पीकविमा काऊन नाई आला अजून?"

रकाना एक असला तरी मतं मोप आहेत. गूगलनं बंद केलेल्या सेवांच्या पुण्यतिथ्या त्याला घरच्या तिथ्यांपेक्षा पक्क्या ठाऊक: गूगल रीडर, १ जुलै २०१३; ऑर्कुट, ३० सप्टेंबर २०१४; गूगल प्लस, एप्रिल २०१९. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर संसार थाटू नये, हा त्याचा सिद्धान्त. दाखला म्हणून तो २९ जून २०२० ची रात्र सांगतो. त्या दिवशी सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि गावोगावच्या पोरांनी बैलजोडीसमोर नाचून जमवलेले फॉलोअर गेले ते गेलेच. ट्विटरचं नाव जुलै २०२३ मध्ये बदललं, हे तो मानतच नाही. एवढं तत्त्वज्ञान जीमेलवरूनच चालतं, ते वेगळं.

खरी अडचण ही की त्याची मतं चुकीची नसतात.

फेसबुकनं २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं तेव्हा त्या कंपनीत जेमतेम ५५ माणसं होती, हे तो सांगतो ते खरंच आहे. त्याच्या रकान्याच्या प्रकल्पात किती आहेत, हे मात्र तो सांगत नाही. अख्ख्या भारतात बनलेली सर्वांत हुशार वस्तू कोणती, असं विचारलं तर तो यूपीआयचं नाव घेईल असं वाटतं, तर नाही. पानठेल्यावरच्या साउंडबॉक्सकडे बोट दाखवतो. चुना लावलेल्या हातानं पानवाल्याला फोन उघडावा लागत नाही, पैसे आले ते डबा ओरडून सांगतो. "स्क्रीनच काढून टाकली, याला म्हणतात डिझाइन!" इथं मात्र त्याला दाद द्यायला हवी. जन्मभर स्क्रीन बनवणाऱ्यानं हे कबूल करायला मोठं मन लागतं.

त्याच ठेल्यावर एकदा त्यानं 'लेफ्ट-पॅड'ची कथा लावली. मार्च २०१६ ची गोष्ट. एका प्रोग्रॅमरनं रागाच्या भरात आपला जेमतेम ११ ओळींचा कोड इंटरनेटवरून काढून घेतला आणि जगभरातले हजारो प्रकल्प अडकून पडले. गोष्ट त्यानं अशी रंगवली, की धामणगावला जायला निघालेले दोघं बस सोडून ऐकत राहिले. शेवटी पानवाल्यानं कात लावता लावता विचारलं, "पेमेंट अडकलं असन त्याचं?"

"पेमेंट नव्हतंच. फुकट लिहिलं होतं."

"मंग कायले लेहलं?"

यावर ओपन सोर्सचं जे कीर्तन झालं, ते पुढची बस येईपर्यंत पुरलं.

स्वतःचं प्रॉडक्ट काढायचा विचार त्याच्या डोक्यात नोकरी लागल्यापासून आहे: शेतमालाच्या भावाचं ॲप. सुरुवात अँग्युलरजेएसमध्ये केली. २०१६ मध्ये गूगलनं अँग्युलर मुळापासून नवं लिहिलं, तेव्हा यानंही आपलं मुळापासून रिॲक्टमध्ये लिहिलं. मग फ्लटर आलं. फ्लटर गूगलचंच, पण त्या दिवशी पुण्यतिथ्या आठवल्या नाहीत. आज ॲपला लॉगिनचं पान आहे, फिरणारं बोंड आहे, डार्क मोड आहे. भाव नाहीत. भाव कुठंयत विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "ते व्हर्जन टू मध्ये." तोवर बाजार समितीच्या फळ्याचा कुणीतरी तिरपा काढलेला फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडतो आणि सगळा तालुका त्यावर भागवतो. या फोटोला त्याचा आक्षेप असा, की तो स्केल होणार नाही.

त्याचा खरा कस लागतो तो खरिपात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकपेरा तलाठी लिहायचा, आता शेतकऱ्यानं शेतात उभं राहून मोबाइलवर आपलं पीक आपणच नोंदवायचं. विमा, नुकसानभरपाई, हमीभावानं विक्री, सगळीकडे ही नोंद लागते. त्यात २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या वेगळ्या ॲपवर वेगळी नोंदणी. सुटीवर आलेल्या साफ्टवेअरला मग या बांधावरून त्या बांधावर फिरवतात. त्याच्याकडे दोन सिम आणि एक पॉवर बँक असते, आणि गावाच्या हिशेबानं त्याच्या पदवीचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

बांधावर पाय ठेवल्यापासून त्याचं परीक्षण सुरू होतं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये का मागता, इथं लहानाथोरांचं डोकं एकरात चालतं! कपाशीत तुरीचे तास आहेत. यवतमाळ जिल्ह्यात हे कुणाला नवं आहे? मग मिश्र पिकासाठी एवढं खाली का शोधायला लावता? तलाठ्याला पेरा लिहिताना कधी ओटीपी लागला नव्हता. मधेच फिरणारं चाक थांबतं, तेव्हा तो फोन आकाशाकडे धरून "टाइमआउट, टाइमआउट" असं ओरडतो, आणि शेजारच्या वावरातल्या डवऱ्याचे बैल थबकतात. शेवटी तो जाहीर करतो, की हे ॲप आपण दोन दिवसांत यापेक्षा चांगलं करून दाखवू.

"मंग कर ना," शेजारचे काका म्हणतात.

"आधी रिक्वायरमेंट पाहिजे, काका."

काका चिखलाचे हात धोतराला पुसून रिक्वायरमेंट देतात. "फोटो काढला का झालं पाह्यजे. बाकी कोणी काई इचारू नोको."

साफ्टवेअर हसतो. मग समजावू लागतो. नुसत्या फोटोवरून गट कुणाचा ते कसं कळणार? कुणी घरात बसून दुसऱ्याच्या कपाशीचा फोटो टाकला तर? म्हणून लोकेशन लागतं. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, एकर घेतले की जुळणीत घोळ होतो. ओटीपी काढला तर उद्या काकांच्या नावावर तिसराच माणूस ऊस नोंदवून मोकळा होईल. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम आले तर सर्व्हर तरी काय करणार, लोकांनी आधी भरायला नको का? पेरणीची तारीख, सिंचनाचं साधन, एकेका रकान्याची तो अशी बाजू घेतो, की ऐकणाऱ्याला ते रकाने अनाथ असल्याचं वाटावं. ऊन डोक्यावरून कलतं, पॉवर बँक संपते, तरी ऑफलाइन सिंकचा मुद्दा बाकीच असतो.

काका सगळं ऐकून घेतात. तंबाखू मळून होते, झटकून होते. मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "म्हंजे हे तुयाच कंपनीनं बनवलं का रे बावा?"