नकलीचा शिक्का

ऑनलाइन स्वस्तात पटकावलेली महागडी गिटार माणूस आधी आईला दाखवतो, मग मित्रांना आणि शेवटी काकांना. पहिल्या दोन ठिकाणी कौतुक होतं. काकांकडे तपासणी होते.

असे काका आता बहुतेक शहरांत सापडतात. आमचे डोंबिवलीचे. बँकेच्या कॅश काउंटरवर बसून निवृत्त झाले. खोटी नोट त्यांना म्हणे नुसत्या अंगठ्याला कळायची. निवृत्तीनंतर अंगठा रिकामा झाला, तो गिटारींवर आला. त्यांची स्वतःची गिटार कॉलेजातली, कोलकात्याची गिवसन. ती वाजवताना आपण अमेरिकन गिब्सनच वाजवतोय, असं त्या काळी अर्ध्या वर्गाला वाटायचं. काकांना नाही. "तिनं कधी सोंग आणलं नाही," असं ते अजूनही सांगतात, मुलीच्या स्थळाबद्दल बोलावं तशा आवाजात.

मध्यंतरी एक मुलगा आला. काकांनी गिटारीला हातही लावला नाही.

"कितीला?"

"चौदा हजार. मार्टिन डी-45 आहे, काका."

काकांनी डोळे मिटले. डी-45 म्हणजे काय, हे त्या पोराला कुठून माहीत असणार! 1933 साली जीन ऑट्री नावाच्या गाणाऱ्या काउबॉयसाठी पहिली बनली. कडेनं शिंपल्याची झळाळती नक्षी. आज नवीन घ्यायची तर दहा हजार डॉलरांच्या वर.

"विकणारा काय म्हणाला?"

"त्याचे मामा न्यू जर्सीला असतात. घाईत घर बदललं, म्हणून काढून टाकली."

"मामा," असं पुटपुटत काकांनी वही उघडली. त्यांच्या वहीत मामांचं स्वतंत्र पान आहे. त्याखालोखाल दुबईच्या आत्या.

मग टॉर्च निघाला आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तो छोटा आरसा. काका साउंडहोलमधून आत शिरले. मार्टिनचा मॉडेल नंबर आणि अनुक्रमांक आत, मान जिथे पेटीला मिळते त्या लाकडी ठोकळ्यावर उमटवलेला असतो. हा अनुक्रमांक कंपनीनं 1898 मध्ये आठ हजारापासून सुरू केला आणि 2004 मध्ये दहा लाखांवर नेला. कुठल्या साली कुठला आकडा, हा तक्ता काकांना तोंडपाठ आहे. नातवाची जन्मतारीख मात्र काकूंना विचारावी लागते.

"या नंबरप्रमाणे ही 1957 ची," काका आतूनच बोलल्यासारखे बोलले. "आणि हिला पिकअप, बॅटरी, वर डिजिटल ट्यूनर. एकोणीसशे सत्तावन्नला!"

"नंतर बसवला असेल."

"हाच नंबर मी आणखी तीन गिटारींवर पाहिलाय, बाळ. चौघी जुळ्या आहेत का?"

पण काकांचा खरा जीव लाकडात. मार्टिननं 1969 मध्ये ब्राझिलियन रोजवुडची टंचाई झाली म्हणून डी-28 सारख्या गिटारींना भारतीय रोजवुड लावायला सुरुवात केली. भारतीय रोजवुड म्हणजे आपलं शिसवी, सह्याद्रीत वाढणारं. नॅझरेथ, पेनसिल्व्हेनियात बनलेल्या गिटारीची पाठ आणि आपल्या आजीचा पलंग एकाच जातीच्या लाकडाचा, हे सांगताना काकांचा आवाज दरवेळी कापरा होतो. म्हणूनच प्लायवर चिकटवलेला पातळ पापुद्रा दिसला की त्यांना तो घराण्याचा अपमान वाटतो. अस्सल लाकडाची रेघ बाहेर दिसते तशी आतही सापडते. "ही बघ बाहेरची काळी रेघ. आत आलीच नाही. दारातूनच परत गेली!"

गिब्सन आली तर परीक्षा वेगळी. हेडस्टॉकवरच्या छोट्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला खऱ्या गिब्सनवर दोन स्क्रू असतात, नकलीवर पुष्कळदा तीन. अशा चिनी गिब्सनला गिटारवाले 'चिब्सन' म्हणतात. हमिंगबर्ड मॉडेल असेल तर पिकगार्डवरचा पक्षी बघायचा. काकांकडे आलेल्या एका गिटारीवर कावळा होता. आत 'नॅशव्हिल' लिहिलं असेल तर काका खुलतात, कारण गिब्सनच्या अकूस्टिक गिटारी 1989 पासून मोंटानातल्या बोझमनला बनतात.

मात्र हे तीन स्क्रूंचं गुपित काकांनी, आणि जगभरच्या काकांनी, इतकं बोंबलून सांगितलं की आता दोन स्क्रूवाल्या नकलाही येऊ लागल्या. काकांनी पहिली पाहिली त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्या मते त्यात थोडा अभिमानही होता. कुठल्यातरी कारखान्यात आपलं कोणीतरी ऐकतं.

2024 मध्ये लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरात तीन हजारांहून जास्त नकली गिब्सन पकडल्या गेल्या; अस्सल असत्या तर किंमत एक कोटी ऐंशी लाख डॉलर. मी आनंदानं बातमी सांगितली. काका उदास झाले. "तीन हजार! आणि एकही बघायला मिळाली नाही."

एकदा शेजाऱ्यांच्या जावयानं खरीखुरी डी-28 आणली. काकांनी टॉर्च फिरवला, आरसा फिरवला, नंबर जुळवला, शिसवीची रेघ आतपर्यंत जाऊन भेटली. सगळं बरोबर. जावईबापूंना चहासुद्धा विचारला नाही.

तर, चौदा हजारांची डी-45. काकांनी ती अखेर मांडीवर घेऊन वाजवली. खरं सांगायचं तर बरी वाजत होती. काकांचा चेहरा आणखीच कडू झाला.

"मग विकून टाकू का, काका?" मुलानं विचारलं.

काका ताडकन उठले. बँकेत नियम असा की खोटी नोट आली की तिच्यावर शिक्का मारायचा, ती जप्त करायची, गिऱ्हाइकाला पावती द्यायची आणि नोट काही केल्या परत द्यायची नाही. गिटार जप्त करता येत नाही, हे काकांचं निवृत्तीनंतरचं मोठं दुःख. शिक्का मात्र त्यांनी करून घेतलाय. साउंडहोलमधून हात घालून त्यांनी आतल्या पाठीवर ठसठशीत 'नकली' उमटवलं, खाली सही, तारीख. वर पावती दिली.

त्यांना वाटलं, धंदा बसला. झालं उलटंच. शिक्क्याच्या गिटारी हातोहात जाऊ लागल्या. घेणाऱ्याला निदान काय घेतोय ते कळतं, म्हणून हजार-दोन हजार वरच मिळू लागले. जाहिरातीत मुलं स्वच्छ लिहितात: 'काकांनी तपासलेली.'

गेल्या महिन्यात मीच त्यांना अशाच एका जाहिरातीतला फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"गिटार नकली आहे, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण सही माझी नाही."