पिशवी वाशिमला, मी जऊळक्याला

अकोल्याला महानगर म्हटलं की पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. २००१ पासून आमच्याकडे महानगरपालिका आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून जंक्शन आहे. महानगरातल्या माणसाने सुटीच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघावं, एखादं गाव बघावं आणि रात्री घरच्या वरणभाताला परत यावं, हे माझं जुनं स्वप्न. ट्रॅव्हल्सची बस नको, गळ्यात बिल्ला नको, 'चला चला, दहा मिनिटांत दर्शन' म्हणणारा गाईड तर मुळीच नको. आपलं आपण जायचं. त्यासाठी मी दोनशे पानी वही केली आहे. वहीला पंधरा वर्षं झाली. सहली झाल्या दोन, त्यातली ही दुसरी.

सगळ्यात देखणा बेत होता कारंज्याचा. मूर्तिजापूरला उतरायचं, शकुंतला पकडायची, डुलत डुलत कारंज्याला पोचायचं, नरसिंह सरस्वतींच्या जन्मगावी गुरुमंदिरात डोकं टेकायचं आणि परत. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन या गाडीने १९९४ पर्यंत वापरलं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस खाली उतरून ते लावणार, गाडी पुढे गेली की उघडणार आणि मागून येऊन चढणार. अशा गाडीचा बेत घाईने करायचा नसतो. मी चौदा पानं लिहिली. चौदावं पान पुरं झालं तेव्हा गाडी बंद पडली होती.

यावर घरी फार हसणं झालं. मला अजून हसू येत नाही. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायचा होता तेव्हा इंग्रजांच्या कंपनीला कारंज्यापर्यंत रूळ टाकणं परवडलं. आता माणसं न्यायची आहेत, तर रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. वाशिम जिल्ह्यात सहा तालुके. रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि आता कारंजा, या चौघांच्या नशिबी एसटीच. असो. रक्तदाब वाढतो.

उरलं वाशिम. तिथे जायला माझ्याकडे साहित्यिक कारण होतं. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत लिहून ठेवलंय, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह याच वत्सगुल्म नगरात झाला. चार ओळी खरडणाऱ्या माणसाने त्या मांडवाच्या जागेवर एकदा तरी जाऊन यावं की नाही? डिसेंबरातला एक रविवार ठरला. वहीत बेत उतरला: गाडी, पर्यायी गाडी, पर्यायाला पर्याय. नवव्या पानावर 'आणीबाणी' असं लाल शाईत. डबासुद्धा मीच केला. मेथीची भाजी आणि पोळ्या.

गाडीत समोर एक आजी. लुगडं, पायाशी गाठोडं, बाजूला मोबाईलमध्ये बुडालेला नातू. बार्शीटाकळी गेली, अमानवाडी गेली. शेतात तुरी उभ्या होत्या. मग जऊळका आलं आणि मला बालपण आठवलं.

सगळा घात बालपणाने केला. ही लाइन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. त्याआधी मीटरगेज होती, आणि माझ्या लहानपणी गाडी क्रॉसिंगसाठी अशा स्टेशनांवर मांड ठोकून बसायची. लोक खाली उतरत, चूळ भरत, चहा पीत, विडी ओढत, भांडण असेल तर ते मिटवत आणि मग चढत. पलीकडे एक जण किटलीतून चहा देत होता. मी उतरलो. पिशवी सीटवर. पिशवीत डबा, पाणी आणि वही.

पहिला घोट घेतला आणि गाडी हलली. शिट्टी झाली असणार. माझं लक्ष आल्याच्या वासाकडे होतं. मी धावलो. पंचावन्नाव्या वर्षी आपण धावतो म्हणजे, धावतोय असं आपल्याला वाटतं. आजींनी खिडकीच्या गजांतून पिशवी बाहेर काढायचा प्रयत्न केला, ती अडकली, त्यांनी ती आत ओढली, आणि 'पिशवी! पिशवी!' असा आवाज वाशिमच्या दिशेने बारीक होत गेला.

मी पाटी बघत उभा राहिलो. हे गाव लोकांच्या तोंडी जऊळका रेल्वे आहे. पोलीस ठाणंही जऊळका रेल्वेचंच. नावातच रेल्वे असलेल्या गावात मी रेल्वेवाचून अडकलो होतो.

"आता गाडी?" मी चहावाल्याला विचारलं.

"हाये ना जी. संध्याकाई."

"वाशिमची?"

"नाही, अकोल्याची." मग त्याने माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं. "कायले उतरले होते तुमी?"

"चहाला."

त्याने पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा दुप्पट घेतले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला माहीत होत्या, पण त्या नवव्या पानावर होत्या आणि नववं पान एव्हाना वाशिम गाठत होतं. माझ्याविना माझा बेत मिनिटा-मिनिटाने पार पडत होता. इतका काटेकोर तो मी सोबत असतो तर पार पडलाच नसता.

तेवढ्यात फोन वाजला. पोरगेला आवाज. "अंकल, रक्तगट बी पॉझिटिव्ह, ते तुमीच का?" वहीच्या पहिल्या पानावर मी नाव, नंबर आणि रक्तगट लिहून ठेवतो. "आजी म्हन्ते, या. स्टेशनावर बसलो हाओत."

जऊळक्याहून मालेगावला काळीपिवळीने गेलो. तीत किती माणसं होती ते मोजता आलं नाही, कारण मान वळत नव्हती. मालेगावहून एसटी, तीही उभ्याने. वाशिम स्टेशनात शिरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बाकावर आजी मांडीवर माझी पिशवी घेऊन बसल्या होत्या, दोन्ही हात बंदावर. नातू बाकावर आडवा होऊन झोपला होता. त्यांना रिसोडकडे लेकीच्या गावी जायचं होतं आणि त्यांनी दोन बस सोडल्या होत्या.

मला काही बोलायला सुचेना. "अहो आजी, कशाला थांबलात? ऑफिसात देऊन टाकायची होती."

"कशी देऊ बाप्पा? डबा होता ना अंदर. कोनं तरी सकाईच उठून केला असन." पिशवी हातात देत त्या म्हणाल्या, "पोरगं भुकेजलं होतं, म्हून खाल्ला आमी. भाजीत मीठच नाही तुमच्या बायकोच्या हाताले."

भाजी मी केली होती, हे मी सांगितलं नाही. आजींना रिसोडच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्या दोनदा म्हणाल्या, "आता उतरू नोका मधात."

उरलेल्या तासाभरात वाशिम पाहिलं ते असं: बालाजीचं मंदिर, पद्मतीर्थ आणि एक दाढीवाला, जो मांडवाची जागा विचारल्यावर मला मंगल कार्यालयाचा पत्ता सांगत होता. या गावच्या वाकाटक राजाचा, हरिषेणाचा, वराहदेव नावाचा प्रधान होता. त्याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. हाती घेतलेला बेत शेवटाला नेणाऱ्या माणसांबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटत होता.

परतीच्या गाडीत पिशवी उघडली. डबा स्वच्छ धुतलेला होता, पण रिकामा नव्हता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. काठोकाठ उकडलेल्या तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, मीठ अगदी बेताचं.

जऊळका आलं. किटलीवाल्याने मला खिडकीत ओळखलं आणि किटली उंचावली. मी तोंडात शेंग धरून नाही म्हणून मान हलवली. गाडी तिथे वीस मिनिटं उभी होती.