पहिल्या पानावरचे सर

एखाद्या छोट्या धंद्याची वेबसाइट झाली रे झाली, की महिन्याभरात ती गूगलच्या शोधात वर आणून देणारे एसइओवाले सर तिथे हजर होतात. मूळचे इंजिनिअर, मध्ये काही वर्षं विमा, आता ‘डिजिटल ग्रोथ कन्सल्टंट’. पाठीवर सॅक, हातात दोन फोन, आणि गूगलविषयी असं बोलतात की जणू काल रात्री दोघं एकाच पंगतीला होते.

कोथरूडच्या एका मोदकवाल्या काकूंची साधीशी साइट सरांनी हाती घेतली. आठवड्याभरात होमपेजवर मजकूर झळकला: ‘पुण्यात उकडीचे मोदक शोधताय? पुण्यात उकडीचे मोदक मिळण्याचं पुण्यातलं उत्तम ठिकाण म्हणजे आमचे पुण्यातले उकडीचे मोदक!’

काकूंनी ते दोनदा वाचलं. “अहो, असं कोण बोलतं?”

“काकू, हे माणसांसाठी नाही. गूगलसाठी आहे.”

काकू गप्प बसल्या. गूगल रोख पैसे देऊन मोदक नेणार असेल तर त्यांची काही हरकत नव्हती.

मग पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘मोदक मोदक मोदक’ आलं. वारजे, कर्वेनगर, बावधन, औंध अशा प्रत्येक भागासाठी वेगळं पान झालं; मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. पानाच्या कोडात लपवलेल्या की-वर्डांची यादी तर सरांची खास लाडकी. रँकिंगसाठी ती यादी आपण बघतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर करून टाकलंय. पण सरांचा क्लास त्याआधीचा.

सरांची विद्या अगदीच खोटी नाही, हे मान्य करायला हवं. १९९८ साली गूगल सुरू झालं तेच मुळी दुसऱ्या साइटने दिलेली लिंक म्हणजे शिफारस, या हिशेबावर. शिफारशीला भाव आला की ती विकायला निघणारच. सरांनीही काकूंसाठी पाचशे बॅकलिंकांचं पॅकेज घेतलं. त्यामुळे काकूंच्या मोदकांची शिफारस आता ऑनलाइन रमीवाले आणि वजन घटवायच्या गोळ्या विकणारेही करू लागले.

या वाटेने मोठेमोठे गेलेत. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने यादीतूनच काढून टाकली. ती शोधयंत्राला एक पान आणि गिऱ्हाइकाला दुसरंच दाखवत होती. २०११च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीच्या हजारो संशयास्पद लिंका ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उजेडात आणल्या. प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती पहिल्या क्रमांकावर होती, दोन तासांत ७१व्या क्रमांकावर गेली. कंपनीने हात झटकले आणि आपल्या एसइओवाल्यांना नारळ दिला. त्याच महिन्यात निकृष्ट मजकुराला खाली ढकलणारं गूगलचं ‘पांडा’ आलं, २०१२च्या एप्रिलमध्ये बनावट लिंका हुडकणारं ‘पेंग्विन’. त्याच वर्षी पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांतल्या लिंकांपायी गूगलने स्वतःच्याच क्रोमचं पान किमान ६० दिवस खाली ढकललं होतं. घरच्यालाही सूट नाही, तिथे मोदकांची काय कथा!

या सगळ्या हकिकती सरांना तोंडपाठ आहेत. सांगतातही रंगवून, पण शहिदांच्या गाथा सांगाव्यात तशा.

काकूंची साइट आता पाचव्या पानावर आहे. “अल्गोरिदम बदलला,” सर म्हणाले, आणि उपाय काढला: एआयकडून मोदकांवर दोनशे लेख. मोदकाचा इतिहास, मोदक आणि मधुमेह, मोदक आणि करिअर. केवळ रँकिंगसाठी असा घाऊक मजकूर ओतणं २०२४च्या मार्चपासून गूगलच्या नियमांनुसार स्पॅममध्ये मोडतं. ते वाचायला सरांना सवड झाली नसावी.

“सर, एक विचारू का?” काकू म्हणाल्या. “एकवीस मोदकांचा भाव, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत ऑर्डर द्यायची, आणि माझा फोन नंबर. एवढं कुठेतरी टाकता येईल?”

सरांनी लॅपटॉप मिटला. “ते फेज टूमध्ये घेऊ, काकू. त्याचं कोटेशन वेगळं पाठवतो.”